फाळके यांचा विसरलेला कॅमेरा

नाशिकहून त्र्यंबकेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर शहराच्या पश्चिम अंगाला सातपूर लागते. आज हे नाव घेतले की औद्योगिक वसाहत, कामगारांच्या पाळ्या आणि यंत्रांचा आवाज डोळ्यांसमोर येतो. १९८२ मध्ये नाशिक महापालिका स्थापन झाली तेव्हा सातपूर तिच्यात सामील झाले. त्याआधी कित्येक पिढ्या ते त्र्यंबकच्या वाटेवरचे एक गाव होते. या वाटेच्या एका टोकाला, त्र्यंबकेश्वरी, ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म झाला आणि दुसऱ्या टोकाला, नाशिकमध्ये, १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांनी देह ठेवला. भारतीय चित्रपटसृष्टीचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांचे नाव शाळकरी मुलालाही ठाऊक असते. 'राजा हरिश्चंद्र' आणि १९१३ हे साल स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतही पाठ केले जाते. परंतु देवादिकांच्या कथा पडद्यावर आणणाऱ्या या माणसाने नद्या, घाट, लेणी, उत्सव आणि कारखानेही चित्रफितीवर टिपले होते, हे फारसे कुणाच्या स्मरणात नाही. माहितीपट हा शब्दही रूढ झालेला नव्हता, त्या काळात फाळके माहितीपट करत होते. त्यांच्या आयुष्याची ही बाजू समजून घेतल्याखेरीज हा माणूस पुरता कळत नाही.

शास्त्र्यांच्या घरातला कारागीर

फाळके यांचे वडील गोविंद सदाशिव ऊर्फ दाजीशास्त्री हे संस्कृतचे पंडित. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली आणि कुटुंब त्र्यंबक सोडून मुंबईला आले. वेदविद्येची परंपरा असलेल्या घरातला हा मुलगा मात्र लहानपणापासून रंग, माती आणि नाटक यांत रमणारा होता. १८८५ मध्ये तो सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. पुढे थोरल्या भावाबरोबर बडोद्याला जाऊन त्याने तेथील कलाभवनात चित्रकलेचे शिक्षण घेतले. तैलरंग, जलरंग, मूर्तिकला, वास्तुरचना आणि छायाचित्रण अशा अनेक विद्यांत त्याने हात घातला. कलाभवनाचे प्रमुख प्राध्यापक गज्जर यांनी या विद्यार्थ्याची धडपड ओळखली आणि छायाचित्रणाच्या प्रयोगांसाठी त्याला मोकळीक दिली. अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात आदर्श नाट्यगृहाच्या प्रतिकृतीबद्दल त्याला सुवर्णपदक मिळाले.

शिक्षण संपल्यावर गुजरातेत गोध्रा येथे त्याने छायाचित्रणाचा व्यवसाय सुरू केला. तो काळ प्लेगचा होता. त्या साथीत पत्नी आणि मूल दोन्ही गेले. फोटो काढला की आयुष्य कमी होते, कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो अशा समजुती लोकांत पसरलेल्या होत्या, त्यामुळे धंदाही बसला. मग फाळके यांनी नाटकमंडळ्यांसाठी पडदे रंगविले, जादूचे प्रयोग शिकून घेतले आणि आपल्याच आडनावाची अक्षरे उलटवून प्रोफेसर केल्फा या नावाने ते रंगमंचावर उभेही राहिले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नी सरस्वतीबाई पुढे सगळ्यांच्या काकी झाल्या आणि पतीच्या प्रत्येक खटाटोपात खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या.

१९०३ च्या सुमारास फाळके पुरातत्त्व खात्यात आरेखक आणि छायाचित्रकार म्हणून रुजू झाले. चरित्रकार या नोकरीवरून भराभर पुढे जातात, पण थोडे थांबण्यासारखी ही गोष्ट आहे. पुरातत्त्व खात्याचे छायाचित्रण म्हणजे हौस नव्हे. लेणी, शिल्पे, देवळे यांची जशी आहेत तशी, मोजूनमापून नोंद करणे हे ते काम. वस्तूपुढे आपली कल्पना मिरवायची नाही, वस्तूच बोलली पाहिजे, ही शिस्त त्यात लागते. माहितीपटकारालाही हीच शिस्त लागते. वंगभंगाच्या काळात स्वदेशीची लाट आली आणि फाळके यांनी सरकारी नोकरी सोडली. लोणावळ्याला आणि नंतर दादरला त्यांनी छपाईचा व ब्लॉक बनविण्याचा व्यवसाय उभारला. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या शिळामुद्रणाचेही काम त्यांनी केले. लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या छापखान्यासाठी रंगीत छपाईची यंत्रे आणायला १९०९ मध्ये ते जर्मनीला जाऊन आले. छापखाना नावारूपाला आला, पण भागीदारांशी मतभेद झाले आणि १९११ मध्ये फाळके रिकाम्या हाताने बाहेर पडले. वय एकेचाळीस, घरी वाढते कुटुंब आणि हाती काम नाही, अशी ती वेळ होती.

गिरगावातला तंबू

त्याच वर्षी ईस्टरच्या दिवसांत गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये फाळके यांनी मुलासह चलच्चित्रे पाहिली. ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहून आपले राम-कृष्ण पडद्यावर कधी दिसतील, या विचाराने ते झपाटले, ही कथा सर्वश्रुत आहे. मात्र त्यांनी पहिल्यांदा पाहिलेला चित्रपट ख्रिस्ताचा नव्हता. तो प्राण्यांविषयीचा होता. बापलेक तो पाहून घरी आले आणि पडद्यावर खरेखुरे जनावर हलताना पाहिल्याचे सांगू लागले, तेव्हा घरच्यांचा विश्वास बसेना. म्हणून दुसऱ्या खेपेला सगळे कुटुंब गेले आणि त्या वेळी ख्रिस्तपट लागलेला होता. म्हणजे फाळके यांना चित्रपटाची पहिली भूल पडली ती कथेची नव्हे, तर जिवंत जगाच्या हालचालीची.

भारतात हे नवल त्याआधी पंधरा वर्षे येऊन पोहोचले होते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला. तो पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा या मुंबईच्या छायाचित्रकाराने परदेशातून कॅमेरा मागविला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधली एक कुस्ती टिपली आणि १९०१ मध्ये केंब्रिजहून रँग्लर होऊन परतलेल्या र. पु. परांजपे यांच्या स्वागताचे चित्रण केले. भारतीयाने केलेले पहिले वार्तापट म्हणून ते ओळखले जातात. तेव्हा वास्तव टिपण्याचा पहिला मान सावेदादांचा आहे, फाळके यांचा नाही. पण सावेदादांसाठी हा छायाचित्रण व्यवसायाचा एक भाग होता. फाळके यांनी त्यासाठी घरदार पणाला लावले.

पुढचे काही महिने मिळेल तो चित्रपट पाहायचा, स्वस्तातला कॅमेरा घेऊन प्रयोग करायचे, रात्री जागून पुस्तके वाचायची असा क्रम चालला. डोळ्यांवर इतका ताण पडला की त्यांची दृष्टी काही काळ जवळजवळ गेली. उपचारांनी ती परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके लंडनला निघाले. ओळखपाळख नसताना त्यांनी 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या संपादकाची भेट घेतली. त्यांच्यामार्फत सेसिल हेपवर्थ या नामांकित निर्मात्याचा स्टुडिओ पाहायला मिळाला. विल्यमसन कॅमेरा, कोऱ्या फितीला कडेची भोके पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची मागणी नोंदवून ते परतले.

योगायोग असा, की नेमक्या याच काळात लंडनच्या स्काला नाट्यगृहात भारताविषयीचाच एक चित्रपट गर्दी खेचत होता. १९११ च्या दिल्ली दरबाराचे किनेमाकलर पद्धतीने केलेले ते भव्य रंगीत चित्रण होते. सम्राट, हत्ती, संस्थानिक आणि फौजा, असा तो भारत. जगाला भारत दाखविण्याचा अधिकार तेव्हा कुणाच्या हाती होता, हे त्यावरून कळते. परदेशी कंपन्यांचे कॅमेरेवाले येत, हत्ती आणि साधू टिपत आणि जात. आपल्या देशाचे चित्र आपणच काढावे, ही फाळके यांची स्वदेशीची कल्पना देवादिकांच्या कथांपुरती मर्यादित नव्हती.

कुंडीतला वाटाणा

यंत्रे आली, पण भांडवल कुठून आणायचे? चित्रपट नावाची वस्तू आपल्या देशात, आपल्या माणसांना करता येते यावर सावकाराचा विश्वास कसा बसावा? फाळके यांनी यावर काढलेला उपाय त्यांच्या स्वभावाला शोभणारा होता. त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा रोवून ठेवला. महिनाभराहून अधिक काळ रोज थोडथोडे चित्रण केले. फीत पडद्यावर फिरवली तेव्हा बी फुटले, कोंब वर आला, पाने उलगडली आणि वेल चढू लागला, हे सगळे एखाद-दुसऱ्या मिनिटात. 'अंकुराची वाढ' या नावाने ती फीत ओळखली जाते. ब्रिटनमध्ये पर्सी स्मिथ यांनी फुले उमलण्याचे असेच चित्रण १९१० मध्ये केले होते. पण त्यांच्यामागे एक प्रस्थापित कंपनी होती. फाळके यांनी हे काम स्वतःच्या घरात, घरच्यांच्या मदतीने, नव्याने हाती आलेल्या यंत्रावर केले.

निवडक मंडळींना ती फीत दाखविण्यात आली आणि कर्ज मिळाले. बाकीची भर काकींच्या दागिन्यांनी घातली. म्हणजे भारतीय कथापटाच्या उभारणीला पैसा मिळवून दिला तो एका निसर्गविषयक लघुपटाने. आज चित्रपटगृहांत कथापटांपुढे माहितीपटाला कुणी विचारत नाही. म्हणून हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पुढचा इतिहास परिचित आहे. दादरच्या घरात 'राजा हरिश्चंद्र'चे काम सुरू झाले. स्त्रीभूमिकेला स्त्री मिळेना, तेव्हा साळुंके या तरुणाने तारामती साकारली. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दामोदर दाबके आणि रोहिदास झाला फाळके यांचाच मुलगा भालचंद्र. चित्रपटात काम करणे हलके समजले जाई, म्हणून कुणी विचारलेच तर हरिश्चंद्राच्या कारखान्यात नोकरीला आहोत असे सांगायचे, असा शिरस्ता होता म्हणतात. काकी रात्री अंधारात फितीला भोके पाडत, फिल्म धुण्याची रसायने तयार करत, दिवसा उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परावर्तित करत आणि साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाकही करत. भारतीय चित्रपटातली पहिली तंत्रज्ञ म्हणून या बाईंचे नाव घ्यायला हवे होते, पण चित्रपटाच्या इतिहासाने त्यांना पत्नी या एका शब्दात गुंडाळून ठेवले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला.

गोदाकाठचा कारखाना

पहिल्या यशानंतर त्याच वर्षी फाळके यांनी मुंबई सोडली आणि आपला सगळा पसारा नाशिकला हलविला. घाट, देवळे, वाडे, डोंगर आणि नदी या गोष्टी मुंबईत कृत्रिमपणे उभाराव्या लागत. नाशिकात त्या दारातच होत्या. 'मोहिनी भस्मासुर' येथेच तयार झाला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी काम केले आणि स्त्रीभूमिका स्त्रीने करण्याची सुरुवात झाली. पाठोपाठ 'सत्यवान सावित्री' आला. तीन चित्रपट घेऊन फाळके १९१४ मध्ये पुन्हा लंडनला गेले. तेथील जाणकारांनी वाखाणणी केली, तिथेच राहून काम करण्याचे बोलावणेही आले. ते नाकारून फाळके परतले.

परतताच पहिले महायुद्ध सुरू झाले. भांडवल आटले, कच्ची फिल्म मिळणे कठीण झाले. लोकमान्य टिळक, रतनजी टाटा आणि मनमोहनदास रामजी यांनी फाळके यांच्या उद्योगाची मोठी कंपनी करण्याचा विचार केला होता, पण बोलणी फळाला आली नाहीत. या पडत्या काळात मोठा पौराणिक चित्रपट काढणे शक्य नव्हते. मग फाळके यांनी लहान फितींकडे मोर्चा वळविला आणि त्यांच्या कारकिर्दीतील एक विलक्षण पर्व सुरू झाले.

त्यांनी गोदावरीची दृश्ये टिपली. त्र्यंबकेश्वरीचे धार्मिक विधी टिपले. कार्तिकी पौर्णिमेचा आणि गणपतीचा उत्सव टिपला. वेरूळची लेणी त्यांच्या कॅमेऱ्याने पाहिली. पुरातत्त्व खात्यातला जुना छायाचित्रकार येथे पुन्हा जागा झाला असणार. नाशिकच्या सिंहस्थ पर्वणीचे त्यांनी केलेले चित्रणही नोंदले गेले आहे. तळेगाव येथे पैसा फंडातून उभ्या राहिलेल्या काचकारखान्यावर त्यांनी लघुपट केला. लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून देशी उद्योग उभा करायचा, ही स्वदेशी चळवळीतली कल्पना. तिचे मूर्त रूप असलेल्या कारखान्यात तापलेल्या काचेला आकार देणारे कारागीर फाळके यांना पडद्यावर आणावेसे वाटले. देव-दानवांच्या बरोबरीने मजूरही पडद्याचा विषय होऊ शकतो, हे त्यांना तेव्हाच उमगले होते. आज सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्यांचे आयुष्य जाते, त्या कामगारांची पडद्यावरची वंशावळ शोधायची झाली तर ती तळेगावच्या त्या भट्टीपर्यंत मागे नेता येईल.

याच काळात त्यांनी आगकाड्या आणि नाणी यांना चालते-बोलते करणारे गमतीदार अॅनिमेशनचे प्रयोग केले आणि 'चित्रपट कसे तयार करतात' हा लघुपटही काढला. त्यात खुद्द फाळके नटांची तालीम घेताना, फिल्म तपासताना दिसतात. जादूगार एरवी आपली युक्ती झाकून ठेवतो. कधीकाळी प्रोफेसर केल्फा म्हणून मिरवलेल्या या गृहस्थाने मात्र आपली जादू कशी होते ते उघड करून दाखविले. १९१७-१८ मध्ये 'नवयुग' मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर लेखमालाही लिहिली. आपल्याला आलेली विद्या लोकांना कळावी, त्यातून आणखी माणसे घडावीत, असा हा शिक्षकाचा पिंड होता. दाजीशास्त्र्यांचा वारसा असा वेगळ्या वाटेने चालू राहिला.

या सगळ्याचे साल नीट पाहिले तर त्याचे मोल कळते. रॉबर्ट फ्लाहर्टी यांचा एस्किमो जीवनावरचा 'नॅनूक ऑफ द नॉर्थ' १९२२ मधला. माहितीपटासाठी इंग्रजीत आज वापरला जाणारा डॉक्युमेंटरी हा शब्द जॉन ग्रिअरसन यांनी १९२६ मध्ये चित्रपटाच्या संदर्भात वापरला आणि मग तो रुळला. त्यापूर्वी दहा-बारा वर्षे गोदाकाठी एक माणूस तोच उद्योग करीत होता. अर्थात फाळके यांच्या या फिती छोट्या होत्या, मोठ्या खेळाला जोड म्हणून दाखविल्या जाणाऱ्या. फ्लाहर्टी यांच्यासारखी एखाद्या कुटुंबाच्या जीवनाची सलग मांडणी त्यांत नव्हती. पण आपल्या भोवतालची संस्कृती नोंदवून ठेवण्याजोगी आहे, हे भान त्यांत निश्चित होते.

भरभराट आणि माघार

१९१७ मध्ये 'लंकादहन' आला आणि फाळके यांचे दिवस पालटले. साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. लोकांची इतकी झुंबड उडाली की तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने न्यावी लागली, असे सांगतात. १९१८ च्या आरंभी हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी स्थापन झाली. वामन श्रीधर आपटे हे तिचे व्यवहार पाहणारे भागीदार होते. भांडवल आले, कारखाना वाढला. नाशिकच्या या कारखान्यात नट, कारागीर आणि त्यांची कुटुंबे एकत्र राहत, नेमाने व्यायाम करीत. 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालिया मर्दन' यांनी देश गाजविला. 'कालिया मर्दन'मध्ये फाळके यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. चित्रपटाच्या प्रारंभी कथा सुरू होण्याआधी तिच्या चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव प्रेक्षकांना दाखविले आहेत. पौराणिक चित्रपटाच्या दारातही फाळके यांच्यातला निरीक्षक असा डोकावतो.

पण पैसा आला तसा हिशेबही आला. किती दिवसांत चित्रपट व्हावा, किती खर्च व्हावा, यावरून भागीदारांशी खटके उडू लागले. पैसा घालणाऱ्याला खर्चाचा जाब विचारण्याचा हक्क असतो, यात भागीदारांचे सर्वस्वी चुकले असे म्हणता येणार नाही. फाळके यांना मात्र घड्याळ लावून काम करणे जमणारे नव्हते. वैतागून ते कंपनी सोडून सहकुटुंब काशीला निघून गेले. तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. नाट्यधंद्यातल्या व्यवहारांवर त्यात बोचरी टीका होती. रंगमंचावर ते चालले नाही. १९२२ मध्ये फाळके कंपनीत परतले आणि पुढे अनेक वर्षे एकामागून एक चित्रपट देत राहिले, परंतु आरंभीची झळाळी परत आली नाही. दरम्यान कोल्हापूर, पुणे, मुंबई येथे नवे दिग्दर्शक उभे राहिले होते. १९३१ मध्ये बोलपट आला. फाळके यांचा 'सेतुबंधन' मूकपट म्हणून तयार झाला आणि त्याला मागाहून आवाज जोडावा लागला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी 'गंगावतरण' हा एकमेव बोलपट केला, तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. त्यानंतर कॅमेरा हातात आला नाही.

शेवटची वर्षे नाशिकमध्ये ओढाताणीत गेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कच्च्या फिल्मवर नियंत्रण होते, चित्रपट काढायला सरकारी परवाना लागे. सत्तरी ओलांडलेल्या फाळके यांनी आणखी एका चित्रपटासाठी परवानगी मागितली आणि ती नाकारल्याचे पत्र त्यांच्या मृत्यूच्या एक-दोन दिवस आधी येऊन पोहोचले, असे सांगितले जाते. त्यांच्या निधनाची फारशी दखल तेव्हा चित्रपटसृष्टीनेही घेतली नाही. पुढे १९६९ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या नावाने चित्रपटक्षेत्रातला सर्वोच्च पुरस्कार सुरू केला, १९७१ मध्ये टपाल तिकीट निघाले, नाशिकला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी स्मारक झाले.

उरले काय?

फाळके यांनी सुमारे पंचाण्णव कथापट आणि पंचवीसहून अधिक लघुपट केले, असे मानले जाते. त्यांतले आज किती उरले आहेत? 'राजा हरिश्चंद्र'ची पहिली आणि शेवटची रिळे, बऱ्याच अंशी पूर्ण असलेला 'कालिया मर्दन', आणखी काही चित्रपटांचे तुकडे आणि 'चित्रपट कसे तयार करतात' या लघुपटाचा अंश. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे संस्थापक पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून आणि इतर ठिकाणांहून जमवाजमव केली म्हणून एवढे तरी वाचले. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट तयार झाले. त्यांपैकी पूर्ण किंवा तुकड्यांत मिळून जेमतेम तीसएक शिल्लक आहेत. त्या काळची नायट्रेट फिल्म चटकन पेट घेई, ओलाव्याने कुजे. शिवाय तिच्यातली चांदी काढून विकण्यासाठी कित्येक रिळे भंगारात गेली.

कथापट नष्ट झाला तर एक कलाकृती जाते. माहितीपट नष्ट झाला तर त्याच्याबरोबर एक काळ जातो. हरिश्चंद्राची कथा पुन्हा चित्रित करता येते, कितीतरी जणांनी ती केलीही. पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वीची गोदावरी, त्या वेळचे तिचे घाट, तिथली माणसे, त्यांचे पेहराव, त्र्यंबकच्या विधींतल्या हालचाली, तळेगावच्या भट्टीपुढचे कारागीर हे कुणालाही पुन्हा चित्रित करता येणार नाहीत. फाळके यांच्याच काळात पॅरिसमध्ये आल्बेर कान नावाच्या धनिकाने १९०९ ते १९३१ या काळात जगभर छायाचित्रकार पाठवून निरनिराळ्या देशांच्या जीवनाची रंगीत छायाचित्रे आणि चलच्चित्रे जमविली. त्यांचे लोक भारतातही आले होते. तो संग्रह आज फ्रान्समध्ये जपून ठेवलेला आहे. परक्याने आपल्याकडे पाहिले ते टिकले आणि घरच्याने पाहिले ते हरवले, असा हा हिशेब आहे. कान यांच्याकडे पेढी होती, फाळके यांच्याकडे काकींचे दागिने होते. पण हा फरक केवळ पैशाचा नाही. आपण काय टिपतो याचे मोल ओळखणारी संस्था एका ठिकाणी होती आणि दुसऱ्या ठिकाणी नव्हती.

स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजनची स्थापना झाली आणि चित्रपटगृहांत मुख्य खेळाआधी माहितीपट दाखविले जाऊ लागले. १९९० मध्ये मुंबईत माहितीपट, लघुपट आणि अॅनिमेशनपट यांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला. फाळके यांनी आपल्या लहान फितींत हाताळलेले तिन्ही प्रकार एका छताखाली आले. २००४ मध्ये या महोत्सवात भारतीय चित्रपटांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची अट घालण्याचा वाद उफाळला, तेव्हा स्वतंत्र माहितीपटकारांनी 'विकल्प' या नावाने समांतर महोत्सव भरविला. नाशिकमध्येही 'अभिव्यक्ती' या संस्थेने माहितीपटांचा महोत्सव भरविला आणि त्याला नाव दिले 'अंकुर'. कमल स्वरूप यांनी फाळके यांच्या काशीतील दिवसांचा माग काढीत 'रंगभूमी' हा माहितीपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ज्या नाटकाला प्रेक्षकांनी पाठ फिरवली, त्याचेच नाव घेऊन शतकभराने माहितीपट फाळके यांच्यापर्यंत परत आला.

अशा महोत्सवांत जगाच्या कानाकोपऱ्यांतून चित्रपट येतात. कुणी आपल्या खेड्यातला उत्सव आणतो, कुणी बंद पडलेली गिरणी, कुणी आटलेली नदी. बहुतेकांनी घरची पुंजी मोडलेली असते, उसनवार केलेली असते. चित्रपटगृहे त्यांना दार उघडत नाहीत आणि एक-दोन खेळांनंतर त्यांच्या फिती कुठे जातात, हे अनेकदा त्यांनाही सांगता येत नाही. आज कॅमेरा प्रत्येकाच्या खिशात आहे आणि चित्रणाची ददात उरलेली नाही. जपणुकीची मात्र अजूनही आहे. नायट्रेटची फीत जळून जाई. संगणकातली नोंद न जळताही नाहीशी होते. कुणी ती वेळेवर दुसरीकडे उतरवून ठेवली नाही तेवढे पुरते.

दादासाहेब फाळके यांचे स्मरण दरवर्षी जयंतीला होते, त्यांच्या नावाचे पुरस्कार वाटले जातात. ते व्हावेच. पण गोदावरीचे त्यांनी काढलेले एखादे रीळ अजूनही कुणाच्या जुन्या पेटीत, माळ्यावर वा परदेशी संग्रहात पडलेले असू शकते. ते शोधणे आणि आज नाशिकच्या घाटांवर वा सातपूरच्या कारखान्यांत जे टिपले जात आहे ते नीट नोंदवून जपणे, हे काम पुरस्कारांपेक्षा कमी झगमगाटाचे आहे. फाळके यांनी महिनाभर रोज एका कुंडीपुढे बसून जो धीर दाखविला, त्याच जातीचा धीर या कामाला लागेल.